गाडीचा नारळ

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी गाडी बोडीवर, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यावर, नेऊन धुतली. बादल्या मी उपसल्या, चाकांचा चिखल मी खरडला, आणि पूजेच्या वेळी मात्र मी ओसरीच्या खांबाला टेकून उभी. पूजा आत्याबाई करतात. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, देवकाबाई. त्यांच्या कपाळावर कुंकू आहे, माझ्या नाही. माझा नवरा पुनाराम याला जाऊन आज तिथीने तीन वर्षं झाली. ताटाला हात लावू नको असं मला कोणी म्हटलेलं नाही, पण लाव असंही कोणी म्हणत नाही. गाडी माझी, लायसन माझं, नारळ त्यांचा.

बाकीचे लोक टपाला हळदकुंकू लावून मोकळे होतात. आत्याबाईंना बॉनेट उघडं लागतं. "देव का पत्र्यावर बसून राहते? तो पोटात राहते," म्हणाल्या. समोरच्या लोखंडी पट्टीवर नारळ आपटला आणि सगळं पाणी इंजिनावर ओतलं, अगदी लेकराला न्हाऊ घालावं तसं. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, बाजूला हात जोडून उभे होते. मीही जोडले. मला त्यांची पूजा बघून हसू येतं आणि थोडं रडूही येतं, आणि दोन्ही एकदम आलं की मी कामाला लागते. आजही लागले. स्टेपनीची हवा बघितली.

राइस मिलवाल्याने दिलेली ही डायरी वर्षभर कोरी पडली होती. डोक्यात दिवसभर काहीतरी गरगरत असतं, ते कुठेतरी ओतून ठेवावं म्हणून बसले. बघू किती दिवस टिकतं.

६ ऑक्टोबर

नको तेच लिहायची वेळ आली. कोहमाऱ्याहून कॉलेजच्या सातही पोरी घेतल्या आणि मुरदोलीच्या जंगलात शिरताच गाडीने ओढ सोडली. ॲक्सिलरेटर दाबते, दाबते, गाडी आपली बैलगाडीच्या चालीने. समोर पिवळा दिवा लागला. मागून एसटी आली, हॉर्न मारत पुढे गेली, आणि तिचा ड्रायव्हर खिडकीतून माझ्याकडे बघून हसला. ते हसणं मला ओळखीचं आहे. बाईमाणसाने गाडी घेतली तेव्हा गावात बरेच जण तसं हसले होते.

बंद करून पुन्हा चालू केली तर काहीच झालं नाही अशी पळाली. पोरी गोंदियाच्या नर्सिंग कॉलेजला वेळेवर पोहोचल्या. वॉर्डाची ड्यूटी सकाळी लवकर लागते, त्या वेळेला एसटी जुळत नाही, म्हणून तर ही गाडी. आईबापांची एकच अट आहे: दिवेलागणीच्या आत पोरगी घरी. ती अट मोडली की पोरी घरी बसतील आणि मीही बसेन.

पिवळ्या दिव्याचं घरी कोणाला सांगितलं नाही.

८ ऑक्टोबर

आज पुन्हा तेच. येताना गोरेगावच्या पुढे बंदच पडली, तिसऱ्यांदा किल्ली फिरवल्यावर चालू झाली. पोरींना सोडून तशीच हिमांशुच्या गॅरेजला गेले. कोहमाऱ्याच्या चौकात त्याचं गॅरेज आहे. पोरगा हुशार आहे, पण बोलतो फार. त्याने स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर खोचली आणि डॉक्टरसारखं "हंऽ" केलं.

"मावशी, रेल प्रेशरचा फॉल्ट आहे."

"रेल्वेचा गाडीशी काय संबंध?"

मग त्याने बॉनेट उघडून समजावलं. टाकीतलं डिझेल पंपात जातं, आणि पंप ते एका जाड नळीत दाबून भरतो. तिला रेल म्हणतात. दाब एवढा की नळीला भोक पडून धार हातावर आली तर कातडी फोडून आत शिरेल. त्या नळीतून प्रत्येक सिलिंडरला डिझेलचा फवारा मिळतो. नळीच्या टोकाला अंगठ्याएवढा सेन्सर बसवलेला. आत दाब किती आहे ते तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगत राहतो, आणि त्याच्या शब्दावर कॉम्प्युटर दाब कमीजास्त करतो. सेन्सर भलतंसलतं सांगायला लागला की कॉम्प्युटर घाबरतो आणि इंजिन सांभाळायला गाडीची ताकदच काढून घेतो.

"मग हा भलतंसलतं काऊन सांगून राहिला?"

"डिझेलमध्ये कचरा असंल. फिल्टर बदलून टाकतो."

फिल्टर बदलला, सगळ्या वायरी काढून घालून बघितल्या. गाडी पळाली. घरी आत्याबाईंना सांगावंच लागलं, कारण उशीर झाला होता आणि त्या फाटकातच उभ्या होत्या. सकाळीही तिथेच असतात, मी गाडी बाहेर काढून वळेपर्यंत. मला वाटतं, मी नीट वळवते की नाही हे बघतात. दोन वर्षांत एकदाही कुंपणाला घासलेली नाही, तरी विश्वास म्हणून नाही.

ऐकून म्हणाल्या, "दृष्ट लागली." आणि नारळ आणला.

१३ ऑक्टोबर

चार दिवस ठीक गेले. आज व्हायचं ते झालं.

संध्याकाळी मुरदोलीच्या जंगलात गाडी मेली. किल्ली फिरवते, इंजिन गुरगुरतं, पकडत नाही. दिवस उतरलेला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग, आणि वाघ या रस्त्याने कुठे आडवा जातो ते शाळेतलं पोरही सांगेल. पोरींना म्हटलं, काचा वर, कोणी खाली उतरायचं नाही. मी स्वतः मात्र उतरले. बॉनेट उघडून टॉर्च मारला. मला काय कळणार होतं? इंजिनावर मुंग्यांची रांग लागलेली दिसली. पोरी गाडीत चिवडा, बुंदी काय काय खातात आणि कागद कुठेही कोंबतात. त्यांच्यावर ओरडले. तेव्हा कोणावर तरी ओरडायलाच हवं होतं.

डिंपल तेवढी शांत होती. या बॅचची सगळ्यात हुशार पोरगी. बाकीच्यांना नाडी कशी मोजायची ते विचारत बसली, म्हणजे त्यांचं लक्ष बाहेर जाऊ नये. तिच्या बापाला फोन लागला. मुन्नालाल, कोहमाऱ्याचा ढाबेवाला. तो दुसऱ्या एकाची जीप घेऊन आला तेव्हा अंधार पडला होता.

"देखो बाई," तो म्हणाला, "तुमच्या मेहनतीला माझा नमस्कार आहे. लेकिन पोरगी जंगलात अंधारात उभी राहिली, उद्या मी लोकांना काय सांगू? एक बार और झालं तर डिंपल घरी बसंल. मंग बाकीचे कोणाचे तोंड पाहून पाठवतीन?"

मी म्हटलं, होणार नाही. कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे. डिंपलने जीपमध्ये बसताना माझ्याकडे पाहिलं.

१५ ऑक्टोबर

गाडी हिमांशुने ओढून नेली होती. दोन दिवस पोरी दुसऱ्याच्या जीपमधून कोंबून गेल्या. मी दोन्ही दिवस गॅरेजात त्याच्या डोक्यावर उभी राहिले. तो म्हणाला, मावशी बसा. मला बसवत नाही. घरीही बसवत नाही, जेवताना उठून फाटकापर्यंत जाऊन येते.

नवा सेन्सर बसवला. जुना त्याने हौसेने कापून दाखवला. आत पोलादाची एक बारीकशी चकती. डिझेलचा दाब आला की ती वाकते, डोळ्याला दिसणारही नाही इतकी. ती वाकली की तिच्यावर बसवलेल्या जाळीतून जाणारा करंट बदलतो. सेन्सरला तीन वायरी: एकीतून कॉम्प्युटर पाच व्होल्ट पाठवतो, दुसरी अर्थिंगची, आणि तिसरीतून उत्तर परत येतं. दाब नसला की अर्धा व्होल्ट, दाब वाढेल तसा आकडा वर चढतो. बस, एवढंच. एवढ्याशा चकतीच्या वाकण्यावर माझ्या सात पोरींचं शिक्षण टांगलेलं आहे.

घरी मामाजींना सांगितलं. ते आयुष्यभर गावच्या तलावाचे पाणकर होते, शेताशेताला पाणी वाटून देणारे. लगेच म्हणाले, "मंग तो त पानकरच झाला. तलावात पानी किती ते पाहून सांगते, त्याच्या सांगन्यावर तोंड उघडते." मला इतकं बरं वाटलं! हिमांशुने दोन दिवसांत केलं नाही ते त्यांनी एका वाक्यात केलं.

आत्याबाई गाडीभोवती फिरत होत्या. "नवा पार्ट कोनता तो दाखव." दाखवला. त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि नेम धरून पाणी नेमकं त्याच्याच डोक्यावर ओतलं. "आता सांभाळ रे बाबू," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून गाडीच्या पार्टाला "बाबू" ऐकून मी हसले. किती दिवसांनी हसले.

२१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन

कॉलेजला सुट्टी. गाडी अंगणात उभी. मी रोज तिला उगीच चालू करून बघते. कधी पिवळा दिवा लागतो, कधी नाही. लागला की बंद करून पुन्हा चालू करते. नवा सेन्सर घालूनही का? मुंग्या पुन्हा दिसल्या. सुट्टीत तर कोणी बुंदीही खाल्लेली नाही.

गावात धानकापणी जोरात आहे. सगळ्यांना आपापलं काम माहीत आहे असं दिसतं. मलाच काय झालंय? पुनाराम ट्रक चालवायचा, अपघातात गेला, त्याच्या मागे मी घरात बसून कपाळ बडवू शकले असते. मी गाडी शिकले. का शिकले? पोरींसाठी, असं सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे घरात थांबलं की ट्रकचा आवाज कानात येतो, गाडी चालवत असले की येत नाही. हे आज पहिल्यांदा लिहिलं.

लक्ष्मीची पूजा झाल्यावर आत्याबाई ताट घेऊन परत गाडीकडे गेल्या. बॉनेट उघड म्हणाल्या. उघडलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

कॉलेज सुरू. गुरुवारी पोरींची प्रात्यक्षिक परीक्षा आहे, बाहेरचे परीक्षक येणार. मुन्नालाल सकाळी ढाब्यासमोर येऊन उभा राहिला, पोरीला बसवलं आणि माझ्याकडे नुसतं बोट वर करून दाखवलं. एक.

गोरेगावच्या अलीकडे दिवा लागला. गाडीची ताकद गेली.

मी लपवलं. मागच्या पोरींना म्हटलं, रस्त्यावर धान वाळत टाकलंय म्हणून हळू चालवते. रस्त्यावर धान होतंही, नशीब. पुढच्या सीटवर डिंपल होती, तिला दिवा दिसत होता. तिने तिचं पुस्तक उघडून डॅशबोर्डवर उभं धरलं, दिवा मागच्यांना दिसू नये असं. मला तिची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. वीस वर्षांच्या पोरीला माझ्यासाठी खोटं वागायला लागतंय.

उतरताना म्हणाली, "मावशी, पेपरपर्यंत चालवा. मंग पाहू."

जंगलात पुन्हा बंद पडली तर? वाघ सोडा, मागून येणारा ट्रक आहे. पोरींचा जीव धोक्यात घालून त्यांचं शिक्षण सांभाळणारी मी कोण? उद्या दुरुस्त झाली नाही तर मीच मुन्नालालला सांगणार, पोरींना पाठवू नको. ठरलं. ठरवल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं, ते काही वाटलं नाही.

२८ ऑक्टोबर

पोरींना आज दुसऱ्या जीपने पाठवलं आणि सकाळीच हिमांशुला धरलं. "आज मला कारण पायजे. पार्ट नको, कारण."

त्याच्याही मनाला लागलेलं होतं. त्याने सेन्सरच्या वायरीचं टोपण काढलं, दोन्हीकडून उन्हात धरलं, बोट लावलं, बोटाला बोट चिकटवून बघितलं. मग वास घेतला.

"मावशी, इथं शरबत कोन पिते?"

टोपणाच्या आत तीन पिना, तिघींवर हिरवट चढलेलं, भोवती चिकट थर, आणि थरात मेलेल्या मुंग्या. मी बघत राहिले. हिमांशु सांगत होता: "नुसतं पानी गेलं असतं तर वाळलं असतं. यात मीठ-साखर दोन्ही आहे. वाळलं तरी दमट हवेत पुन्हा ओलं होते. मंग तीन पिना आपसातच बोलून राहिल्या. सेन्सर खरंच सांगून राहिला होता मावशी, वाटेत त्याचं सांगनं बदलून राहिलं. दरवेळी मी टोपण काढून घालत होतो, त्यानं पिना पुसल्या जात अन् गाडी चालत होती. मले वाटे, फिल्टरनं चालली, सेन्सरनं चालली. आत पाहाले पायजे होतं, मी पायलंच नाही." कान धरला त्याने.

आणि पुसलेल्या पिनांवर दरवेळी घरी गेल्याबरोबर पुन्हा काय पडत होतं ते मला तिथेच दिसलं. आठला दृष्ट म्हणून, पंधराला नवा पार्ट म्हणून, लक्ष्मीपूजनाला. नेम धरून.

त्याने नवं टोपण बसवलं, रबराचा वॉशर घातला, वरून झाकण केलं. गोरेगावपर्यंत जाऊन आलो. गाडी जंगलातून अशी पळाली की मला गाणं म्हणावंसं वाटलं. घर येईपर्यंत त्या गाण्याचा राग झाला होता.

आत्याबाई फाटकात. हातात नारळ.

मी ओरडले. सगळं ओरडले. तुमच्या नारळाने गाडीचा घात केला, पोरींना जंगलात उभं केलं, माझं नाक कापलं. तुम्हाला ही गाडी नकोच होती, हेही म्हणाले. हे का म्हणाले मला माहीत नाही. मामाजी बाहेर आले आणि आत गेले. आत्याबाईंनी नारळ पदराखाली घेतला, जसा काही मी तो हिसकावणार होते.

जेवल्या नाहीत.

२९ ऑक्टोबर

गाडी उत्तम. दिवा नाही. आनंद नाही.

सकाळी फाटकात कोणी नव्हतं. गाडी वळवताना मी आरशात बघितलं, तिथे कोणी नाही हे मला इतकं टोचेल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी आले तेव्हा त्या अंगणात धान उफणत होत्या. मी सूप घेऊन बाजूला बसले. मग त्याच बोलल्या, सुपाकडे बघत.

"पुनाराम दसऱ्याच्या दिवशी माल घेऊन निघाला. ट्रक मालकाची घाई होती. मी नारळ घेऊन बाहेर आली तवरी ट्रक वळला होता. हाक मारली असती त थांबला असता. म्हनली, जाऊ दे, वापस आल्यावर फोडू."

सूप थांबलं नाही त्यांचं.

"त्या दिवसापासून मले गाडीचा आवाज सहन नाई होत. तू शिकली, मी नाई म्हनली का? नाई म्हनलं नाई. म्हनलं, जाऊ दे तिले, पन फाटकात उभी राहीन. हाक माराची पडली त जवळ असलं पायजे."

दोन वर्षं मला वाटत होतं, त्या माझं वळणं तपासतात. मी त्यांच्या हातातलं सूप काढून घेतलं आणि त्यांचा हात धरला. कोंड्याने भरलेला. आम्ही दोघी एकाच माणसासाठी रडलो, आणि एकत्र पहिल्यांदाच रडलो. तो गेला त्या वेळी घरात पाहुणे होते, दोघींना दोन खोल्यांत बसवलं होतं.

नंतर म्हणाल्या, "खरंच पान्यानं बिघडते का?"

"खरंच. आत मीठ बसते."

"मंग त्या गॅरेजच्या पोरानं हळूच सांगाचं होतं मले. मी का देव आहे, न सांगता कळाले?"

३० ऑक्टोबर, गुरुवार

परीक्षेचा दिवस. उजाडताच गाडी बाहेर काढली तर आत्याबाई फाटकात, ताट घेऊन. मी उतरले आणि खांबाकडे जायला लागले, सवयीने.

"कुठी चालली?"

"तुम्ही करा पूजा."

"बॉनेट उघडू नको. पानी भुईले देऊ." आणि नारळ माझ्यापुढे धरला. "फोड."

"मी?"

"गाडी कोन चालवते? मी का?"

मी त्यांच्या कपाळाकडे बघितलं, मग स्वतःच्या कपाळाला हात गेला. त्यांनी तो हात खाली केला. मामाजी ओसरीवरून बघत होते. शेजारची बाईही भिंतीवरून बघत होती, आज गावभर होईल. आत्याबाई तिच्याकडे न बघता तिला ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "पुनारामच्या बायकोले नारळ फोडता येते."

चाकापुढे दगड ठेवला आणि फोडला. पहिल्या दणक्यात नाही फुटला. दुसऱ्यांदा फुटला, पाणी मातीत गेलं, थोडं माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्या फाटकात उभ्या राहिल्या. मी वळताना थांबले, काच खाली केली. त्यांनी हाक मारली नाही, म्हटलं फक्त, "जा."

मुन्नालालने डिंपलला बसवलं आणि आज बोट दाखवलं नाही. डिंपलने बसताच डॅशबोर्डकडे बघितलं, मग पुस्तक मांडीवर ठेवून वाचायला लागली. मुरदोलीचं जंगल, गोरेगाव, गोंदिया. दिवा लागला नाही. पोरी वेळेवर उतरल्या, दिवेलागणीच्या आत घरी आल्या.

नारळाच्या पाण्याने स्टिअरिंग दिवसभर हाताला चिकटत होतं. पुसलं नाही.